आठ वाजताचं फडकं

निंबगव्हाणच्या ग्रामपंचायतीवर रोज सकाळी आठ वाजता एक फडकं चढायचं आणि ते चढवायची शालू. झेंडा म्हटलं असतं तर रंगावरून गावात दहा तोंडं दहा दिशांना बोलली असती, म्हणून याला फडकंच म्हणायचं असं पहिल्याच बैठकीत ठरलं होतं. जुन्या साड्यांचे तीन तुकडे होते. हवा चांगली असली की हिरवा, बरी असली की पिवळा आणि वाईट असली की लाल. भिंतीवरच्या हवा मोजणाऱ्या डब्याचं बटण दाबायचं, आकडा बघायचा, त्या रंगाचं फडकं दोरीला बांधायचं आणि आपल्या कामाला लागायचं. अकोल्याहून अमरावतीकडे जाणाऱ्या मोठ्या रस्त्यापासून हे गाव दीडेक किलोमीटर आत. रस्त्यावरून धडधडत जाणाऱ्या ट्रकवाल्यांना या फडक्याचं काय सोयरसुतक? पण गाव मात्र सकाळी दात घासता घासता मान वर करून बघायचं आणि मगच पोराबाळांना बाहेर सोडायचं.

चैत्र लागून आठ दिवस झाले होते. सलग एकोणीस दिवस फडकं हिरवं होतं. शालूनं खरं तर पेढे वाटायला हवे होते. पण त्याच एकोणीस दिवसांत खुशीचा दमा वाढला होता.

खुशी तिची एकुलती एक, वय वर्षं नऊ. दोन हिवाळ्यांमागे तिचा दमा निघाला. कापूस संपला की वावरावावरांतून पऱ्हाट्या, म्हणजे कपाशीची वाळकी झाडं, पेटायच्या, पहाटेच्या थंडीनं धूर खाली बसायचा आणि ऊन चढेपर्यंत गाव खोकत राहायचं. ते इतकं अंगवळणी पडलेलं की खोकल्याला कुणी आजारात धरत नसे. खुशीचा खोकला मात्र थांबेना. अकोल्याच्या डॉक्टरांनी पंप दिला, तो कसा ओढायचा ते शिकवलं आणि सांगितलं, हिला कशानं त्रास होतो ते शोधा आणि ते टाळा. झालं, शालू त्या धुराच्या मागे हात धुऊन लागली.

तिचं घर भाजीवाल्यांचं. दोन एकरांचा मळा. शालू आणि सासू मैनाबाई पालक, मेथी, वांगी काढायच्या आणि नवरा गजेंद्र पहाटे छोट्या गाडीतून अकोल्याच्या बाजारात न्यायचा. अशा घरच्या सुनेनं मोठ्या शेतकऱ्यांच्या दारात जाऊन ‘जाळू नका’ म्हणायचं म्हणजे काय! पण ती गेली, बचत गटाच्या बायकांना सोबत घेऊन गेली. अमरावतीच्या कॉलेजात शिकवणाऱ्या रागिणी मॅडमना गाठून तिनं पंचायतीच्या भिंतीवर तो डबा लावून घेतला. सगळ्यांत शेवटी वाकले वामनराव. तीस एकरांचे धनी, आणि आवाज असा की ओरडले तर चालता बैल थांबावा. त्यांचा गडी पऱ्हाट्यांचा ढीग पेटवायला आला तेव्हा शालू काठी टेकून ढिगापुढे उभी राहिली, आणि त्या बिचाऱ्यानं काडीपेटी परत खिशात घातली.

“सूनबाई, तुह्या एका पोट्टीसाठी साऱ्या गावानं हात बांधून बसावं काय?” वामनराव चारचौघांत म्हणाले होते. म्हणाले खरे, पण मग ट्रॅक्टरमागे कुट्टीचं यंत्र लावून त्यांनी पऱ्हाट्या बारीक करून मातीत घातल्या. त्यांचं बघून बाकीच्यांनी तेच केलं. फेब्रुवारीत लाल असणारं फडकं मार्चात पिवळं झालं आणि मग हिरवं.

शालूच्या घरात तेव्हापासून एक नियम होता. सकाळी जपायचं आणि दुपारी मोकळं सोडायचं. सकाळच्या शाळेला जाताना खुशीच्या तोंडानाकाला दुपट्टा घट्ट बांधलेला असे, फडकं हिरवं असलं तरी. वैऱ्याचा काय भरवसा? दुपारी मात्र काही बंधन नव्हतं. दुपारचं आभाळ धुऊन काढल्यासारखं निळं, धुराची रेघसुद्धा दिसायची नाही. आणि ऊन म्हणजे तर आपल्याकडे फुकटचं औषध. गाद्यांतले ढेकूण मारतं, मिरचीची बुरशी मारतं, मग पोरीच्या छातीतला कफ का नाही वाळवणार? त्यात वाळवणाचे दिवस. गच्चीवर कुरड्या आणि मुंगवड्या पसरलेल्या, कडुलिंबाच्या झाडावर वांदरं टपलेली. एका कोपऱ्यात जुनं लुगडं ताणून सावली केली होती आणि दोन ते पाच खुशीची राखण असायची. वांदर उतरलं की काठी आपटत या टोकापासून त्या टोकापर्यंत धावायचं. पोरीला हवा मिळते, हातपाय हलतात, म्हणून शालू खूश होती.

मध्येच एकदा खुशी म्हणाली, “आई, वर गेलं का छातीत चुरचुर होते मले.”

शालूनं तिला गच्चीच्या कठड्याशी नेलं आणि पंचायतीकडे बोट दाखवलं. “थे पाय. हिरवं हाय ना? मंग? मोकळ्या हवेत राहिली तं बरंच वाटन तुले.”

पोरीनं फडक्याकडे बघितलं आणि काठी उचलली. आईपुढे आणि पंचायतीपुढे ती तरी काय बोलणार?

आता मात्र रोज संध्याकाळी धाप लागायची. रात्री शालू तिच्या छातीवर हात ठेवून पडायची, आतली शीळ ऐकायची आणि गुन्हेगार शोधायची. पहिल्यांदा उशी बदलली. मग मांजर हाकललं. मग मैनाबाईंच्या मिरचीच्या फोडणीवर बंदी आली आणि त्यावरून दोन दिवस घरात अबोला झाला. चोर सोडून संन्याशाला सुळी म्हणतात तसं चाललं होतं. पंप पूर्वी आठवड्यातून एकदा लागायचा तो आता रोज लागत होता. गावातही कुजबुज सुरू झाली. धूर बंद करून एवढा आटापिटा केला, हिच्या पोरीला तर काडीचा फरक नाही. शालूला ते ऐकू यायचं. बोलायला तोंड नव्हतं, कारण तिलाही आतून तेच वाटत होतं.

मंगळवारी गजेंद्रनं पालकाच्या चाळीसेक जुड्या बाजारातून परत आणल्या. ठिपके आहेत म्हणून कुणी हात लावला नव्हता. जुड्या मळ्यात टाकून तो खत आणायला परत अकोल्याला गेला. दुपारी मळ्यातल्या झोपडीत मैनाबाईंनी एक पान शालूपुढे धरलं.

“अव शालू, कोळी पडला काय व पालकावर?”

पानावर बारीक बारीक तपकिरी ठिपके होते, जसा कुणी मोहरीचा चुरा भुरभुरावा. शालूनं पान उलटं केलं. लाल कोळी असो की मावा, भाजीवाल्याचं पोर पानाच्या पाठीवर शोधतं, कारण कीड उन्हाला पाठ देऊन राहते. पानाची पाठ मात्र स्वच्छ होती, जाळं नाही की अंडं नाही.

“खालतून तं साफ हाय,” मैनाबाई म्हणाल्या. “हे वरतूनच काई तरी पडून राहिलं. मले नाई समजत बाप्पा.” आणि त्या पदर डोक्यावर ओढून घरी टेकायला गेल्या.

शालू वाफ्यात जाऊन बसली. तिथं एक मोठं पान दुसऱ्या पानाखाली अर्धं झाकलेलं होतं. तिनं वरचं पान उचललं. खालच्या पानाचा जेवढा भाग उघडा होता तेवढा ठिपक्यांनी भरलेला, आणि जेवढा झाकलेला तेवढा गर्द हिरवा. मधली रेघ वरच्या पानाच्या काठासारखी. तिनं दुसरं बघितलं, तिसरं बघितलं, दहा बघितली. सगळीकडे तेच होतं. उन्हात राहिलेलं पान भाजलं होतं आणि आडोशाचं वाचलं होतं. ऊन तर दरवर्षीच असतं, मग हे काय? तिला कारण कळेना. तिनं फोटो काढून रागिणी मॅडमना पाठवले.

अडीच वाजता फोन आला.

“शालूताई, डब्यावर खालची दुसरी ओळ दुपारी किती दाखवते?”

“दुपारी कोन पायते मॅडम? आमी आठले पायतो. खालचा आकडा तं वीस-बावीसच राहते. त्याच्याकडं ध्यानच नाई देत आमी.”

मॅडम म्हणाल्या, “ती ओझोनची ओळ आहे. तो वायू दिसत नाही. गाड्यांचा धूर, कारखान्यांचा धूर, जाळलेला कचरा, हे सगळं वाऱ्यानं शहराबाहेर सरकतं आणि उन्हात त्याचा ओझोन तयार होतो. सकाळी जवळजवळ नसतो. दुपारी वाढतो, ऊन उतरलं की कमी होतो. पालकाची पानं त्यानं अशीच होतात. माझंही चुकलं. हिवाळ्यात डबा लावला तेव्हा मी धुराचंच बोलत बसले.”

“आन् मानसाची छाती, मॅडम?”

“खुशी कुठे आहे आत्ता?”

“गच्चीवर,” शालू म्हणाली, आणि तो शब्द तोंडातून बाहेर पडताच ती उठून उभी राहिली.

“आधी तिला खाली आणा. खोलीत घ्या. पळू देऊ नका.”

शालूनं घरी फोन लावला. वाजून वाजून बंद झाला. परत लावला. मैनाबाईंचा फोन खुंटीवरच्या पिशवीत राहायचा आणि दुपारी झोपल्या की त्यांच्या कानाशी ढोल वाजवला तरी उपयोग नव्हता. शालू पळत सुटली. पायात एकच चप्पल राहिली, दुसरी वाफ्यातच अडकली. रस्त्यात कुत्रंसुद्धा नव्हतं. पंचायत वाटेवरच होती. थांबू नको, थांबू नको असं मन ओरडत असताना तिनं जाता जाता बटण दाबलं. वरची ओळ धुराची, अठ्ठावीस. खालच्या ओळीत एकशे शहाण्णव. शंभराच्या वर लाल, हे तिनंच बायकांकडून पाठ करून घेतलं होतं. डोक्यावर तिनंच सकाळी बांधलेलं हिरवं फडकं डुलत होतं.

एकोणीस दिवस, दोन ते पाच. धुराचा मागमूस नसलेल्या सकाळी पोरीच्या नाकाला दुपट्टा बांधला आणि भर दुपारी हातात काठी देऊन तिला पळवलं. वैरीणही असं करणार नाही, ते आपण आई होऊन केलं. पळता पळता ती हे मोठ्यानं बोलत होती, आणि बोलते आहे याचं तिला भान नव्हतं.

जिना चढून ती गच्चीवर आली तेव्हा काठी एकीकडे पडली होती आणि कुरड्यांच्या साडीवर दोन वांदरं निवांत बसून खात होती. खुशी लुगड्याच्या सावलीत होती. गुडघ्यांवर हात, खांदे कानांपर्यंत चढलेले, गळ्याखालचा खळगा प्रत्येक श्वासाला आत ओढला जात होता. ती आईकडे बघत होती पण बोलू शकत नव्हती.

शालूनं तिला उचललं. नऊ वर्षांची पोर, पण हातांना काहीच जड लागलं नाही. मधल्या खोलीत आणलं, खिडक्या लावल्या. मैनाबाई दचकून उठल्या आणि “माय माय” करत पोरीची पाठ चोळू लागल्या. पंप तोंडात धरायच्या नळीला लावला. एक फवारा. थांब, मोज, श्वास घे. दुसरा. थांब. शालूनं एका हातानं नळी धरली होती आणि दुसऱ्या हातात फोनवर एकशेआठचा आकडा लिहून ठेवला होता, अंगठा बटणावर. रुग्णवाहिका आली तरी पोरीला याच हवेतून न्यावं लागणार होतं. तिसरा. चौथा. खुशीचे ओठ कोरडे पडले होते. नखं निळी दिसतात का ते शालू बघत होती, पण अंधाऱ्या खोलीत तिला रंगच कळेना आणि खिडकी उघडायची तिची हिंमत होईना.

वीस मिनिटं गेली. मग खुशीचे खांदे जरा खाली आले. शीळ होती, पण श्वास पुरा होत होता. तिनं पाणी मागितलं. पाणी पिऊन म्हणाली, “वांदरायनं कुरड्या खाल्ल्या, आई.”

शालू रडली. आवाज न करता, भिंतीकडे तोंड करून भरपूर रडली. मग तोंड धुतलं आणि पंचायतीकडे निघाली, कारण शाळेच्या मैदानावर पंधरा-वीस पोरं क्रिकेट खेळत होती आणि निम्म्या गावाची लेकरं गच्च्यांवर राखणीला बसली होती. का बसणार नाहीत? फडकं हिरवं होतं ना!

तिनं हिरवं उतरवलं आणि लाल बांधलं. समोरच्या पारावर वामनराव सुपारी कातरत बसले होते.

“सूनबाई, काय झालं व? कोनं पेटवलं?” त्यांनी चारी दिशांना बघितलं. “कुठीसा तं दिसत नाई धूर.”

“धूर नाई, काकाजी,” शालू म्हणाली. “हे दिसत नाई. दुपारी होते, उन्हानं. अकोल्याकडून, मोठ्या रस्त्याकडून येते. मी आठले पाहून हिरवं बांधत राहिली. माही चूक हाय. माह्या पोरीले आत्ताच पंप देऊन आली. तुमच्या नातवाले घरात बोलवा.”

वामनरावांनी अडकित्ता खाली ठेवला. आधी त्यांनी मैदानाकडे तोंड करून अशी हाक दिली की बॉल टाकणारा पोरगा हात वर तसाच ठेवून थांबला. पोरं घरांकडे पांगली. मग ते शालूकडे वळले.

“म्हंजे आमचा धूर तं नव्हताच.”

“काकाजी—”

“नाई, आयकून घे. माहा गहू निंगाला, धसकटं वावरात उभे हायेत. तुह्यापाई मी थांबलो. कुट्टीचं यंत्र धसकटात चालत नाई, नांगरले तं डिझल जाते. आता तूच म्हनतं का रोग रस्त्याकडून येते. मंग रस्त्यावर जाय काठी घेऊन, ट्रकायले अडव. मी उद्या पहाटे पेटवतो.”

त्यांचं काही खोटं नव्हतं, आणि तीच तर भीती होती. पंचायतीकडे येताना परत फोन झाला तेव्हा मॅडमनी सांगितलं होतं की जाळलेल्याचा धूरसुद्धा त्यातच मिसळतो. रस्त्याकाठच्या गावांचे आकडे गोळा करून वरपर्यंत अर्ज करू, असंही म्हणाल्या होत्या. शालू ते सांगू शकली असती, पण ती वेगळंच बोलली.

“जाईन काकाजी, रस्त्यावर बी जाईन. ट्रकायपुढं कोनाची काठी चालते थे पाहू मंग. पन दुपार गेली माह्या पोरीची. बारा ते पाच थे आता खोलीत, खिडक्या लावून. पुरा उन्हाळा. सकाळ तेवढी राहिली तिले. थे सकाळ तुमी सगळ्यायनं मिळून साफ केली, मी एकटीनं नाई. थेच जाळली तं मी तिले श्वास घ्यायले कुठी नेऊ?”

वामनरावांनी सुपारीचं खांड गालात टाकलं, धोतराचा सोगा उचलला आणि ते घराकडे निघून गेले. होकार की नकार, शालूला त्यांच्या पाठीवरून कळलं नाही.

त्या रात्री ती झोपली नाही. चारला उठून अंगणात आली आणि धुराचा वास येतो का बघत उभी राहिली. एकदा वाटलं आलाच. मग कळलं, शेजारच्या चुलीचा होता. पाच वाजता तिला राहवेना. काठी घेतली, मग काय उपयोग म्हणून परत कोपऱ्यात ठेवली, आणि मोकळ्या हातांनी वामनरावांच्या वावराकडे चालू लागली. पूर्वेला उजळत होतं. वावराच्या कडेला कुणीतरी उभं दिसलं. धोतर, डोक्याला गमछा. शालू झपाझप पुढे झाली. जवळ गेली तर वामनरावच होते आणि त्यांच्या हातात काडीपेटी होती.

“गड्याच्या खिशातून काढून घेतली,” ते तिच्याकडे न बघता म्हणाले. “थो साडेचारलेच येऊन उभा होता. कालच सांगून ठेवलं होतं म्या त्याले, मंग मना करायचं राहूनच गेलं. म्हनून आलो.”

गव्हाची धसकटं जशीच्या तशी उभी होती. हवेत ओल्या मातीचा वास होता, कुठंतरी कुणी पाणी सोडलं होतं. शालूनं छाती भरून श्वास घेतला, मग दुसरा घेतला, आणि हात जोडायला गेली तर वामनराव तिच्यावरच खेकसले.

“उभी काहून राहिली? जाय, पोट्टीले उठव. दिवस वर येऊन राहिला.”